ओळखीशिवाय दार न उघडणाऱ्या बीफच्या हॉटेलांचा नाद: नोंद चौथी

मंडळी, आत शिरलो एकदाचा. पण आधी मागची उधारी चुकती करतो.

तिसऱ्या नोंदीत मी शेखी मिरवली होती की मध्यस्थामार्फत ओसाकातल्या आठ खुर्च्यांच्या एका याकिनिकू, म्हणजे शेगडीवर मांस भाजून देणाऱ्या, हॉटेलात दोन जागा मिळाल्या. पुढं काय झालं ते लिहायला लाज वाटत होती. बरोबर येणारा सहकारी आदल्या दिवशी आजारी पडला. मी कळवलं, 'एकटाच येतो, दुसऱ्या जागेचे पैसे देतो.' त्यावर उत्तर आलं नाही. मध्यस्थाने नंतर माझा एकही निरोप वाचला नाही. तेव्हा चिडलो होतो, आता चूक कळते. तिथं दोन माणसं म्हणजे दोन माणसं. मास्तर, म्हणजे तिथला मालक-आचारी, तेवढंच मांस कापून ठेवतो. रिकामी खुर्ची दिसली की नाक कापलं जातं ते आपलं नाही, ज्याने शब्द टाकला त्याचं.

जपानीत याला म्हणतात 'इचिगेन-सान ओकोतोवारी', म्हणजे अनोळखी पाहुण्याला प्रवेश नाही. क्योतोच्या चहागृहांची ही जुनी रीत. पाहुण्याने तिथल्या तिथं पैसे द्यायचे नसत, बिल मागाहून जाई, आणि पाहुणा बुडवून गेला तर ओळख देणाऱ्याने भरायचं. पैसा फेकून हे दार उघडत नाही. टोक्योतल्या सुकियाबाशी जिरो या सुशीवाल्याला २०१९ मध्ये हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने यादीतून काढलं ते चव बिघडली म्हणून नव्हे. सामान्य माणसाचं बुकिंगच तिथं घेत नाहीत म्हणून.

आता खरी गोष्ट. ती जपानातल्या नागोयात नाही, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत सुरू होते.

मी शिरोलीतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्या जपानी गिऱ्हाइकाचे एक साहेब दरवर्षी कास्टिंग तपासायला येतात. मोठ्या हॉटेलातल्या जेवणाला ते वैतागले होते. म्हटलं, काकूंकडे नेऊ. काकूंच्या खानावळीला पाटी नाही, मेनू नाही. आदल्या दिवशी फोन करायचा. मी केला तर पहिला प्रश्न, "कुणाचा रं तू?" मामाचं नाव सांगितलं. "मग ये. मटण तू आणणार का मी सांगू? भाकरी का चपाती ते आत्ताच बोल, ऐनवेळी बदलायचं न्हाई."

सकाळी सातला खाटकाकडे उभा राहून मांडीचं आणि सिन्याचं मिळून दोन किलो घेतलं. ज्या गावात २०१९ साली मटणाच्या दरासाठी आंदोलन झालं, तिथं तराजूकडे डोळे लावून उभं राहणं ही पण एक कलाच. दुपारी साहेब पाटावर मांडी घालून बसले. तांबड्याने त्यांचं कपाळ घामेजलं, पांढऱ्याच्या मात्र सहा वाट्या गेल्या. काकू दर वाटीला "घे की रं बाबा" म्हणत होत्या आणि साहेब दर वेळी वाकून नमस्कार करत होते.

परत येताना त्यांनी विचारलं, इथं जागा मिळते कशी? मी मामाचं सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "तुम्ही आज नीट वागला नसता, तर मामाचं काय झालं असतं?" म्हटलं, "मामाची भाकरी बंद." गाडी कावळा नाक्यावर येईपर्यंत हसत होते. तीन आठवड्यांनी त्यांचा मेल आला. माझ्या नागोया दौऱ्यातली तारीख, सायंकाळी सहा, दोन जागा. खाली एकच ओळ, अत्तर लावून येऊ नका.

हॉटेल म्हणजे राहत्या इमारतीचा दुसरा मजला. बेलवर नाव नाही. आत एक लाकडी काउंटर, आठ खुर्च्या आणि कोळशाची शेगडी. मास्तरने मांसाचा ठोकळा पुढ्यात ठेवला, शेजारी दहा आकडी नंबराचा कागद. २००१ साली तिथं मॅड काऊचा रोग सापडला, त्यानंतर २००३ मध्ये कायदा झाला आणि प्रत्येक जनावराला असा नंबर आला. रात्री खोलीवर येऊन मी तो इंटरनेटवर टाकून पाहिला. जन्मतारीख, कालवड, जात काळी वाग्यू (जपानी गुरं), मिए प्रांतात वाढलेली. तिथलं नावाजलेलं मात्सुसाका बीफ म्हणजे न व्यालेली मादीच, हा त्यांचा नियम.

आणि जपानी बीफची वरची प्रत म्हणून ए-फाइव्ह, ए-फाइव्ह करणाऱ्यांनी ऐकावं. त्यातलं ए हे जनावरापासून मांस किती निघालं त्याचं माप, चवीचं नव्हे. पाच म्हणजे दर्जा, त्यात चरबीच्या जाळीचा आकडा बारापैकी निदान आठ लागतो. मास्तरने दिलं ते ए-फोर होतं, जाळी सात. माझ्या मते तेच बरं. बाराच्या जाळीचे दोन तुकडे झाले की तिसरा लोण्यासारखा तोंडाला चिकटतो.

सगळ्यांत भारी लागलं ते मिसुजी. आपल्या भाषेत सांगायचं तर फऱ्याचं, खांद्याच्या हाडाखालचं. मधोमध एक शीर आणि तिला दोन्हीकडून फुटलेल्या बारीक रेषा, थेट पिंपळपान. मास्तरने ते जाळीवर टाकलं, मनात दहा मोजेपर्यंत थांबला, उलटलं, चार मोजले आणि माझ्या ताटलीत ठेवलं. चिमटा मला हातात घेऊ दिला नाही. मीठ चार कण. जिभेवर ठेवलं तेव्हा आधी मीठ विरघळलं का चरबी, ते सांगता येणार नाही.

घरचं विचाराल तर आमच्यात बेंदराला बैल पुजतात. राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे हा नाद मी विमानात बसल्यावरच सुरू करतो. बाबांना माहीत आहे. ते एकदाच बोलले, "तिकडं खाल्लंस ते तिकडंच ठेवून ये." मी त्यांना सांगितलं की जपानातही ६७५ साली सम्राट तेन्मूने गोमांसावर बंदी घातली होती आणि १८७२ मध्ये सम्राट मेइजीने जाहीरपणे खाल्लं तेव्हा कुठं लोकांची भीड चेपली. बाबा म्हणाले, "मग बाराशे वर्षं बरी चालली होती की त्यांची." विषय तिथंच संपला.

आता प्रगती. उठताना मास्तरने वही काढली. नेहमीचे लोक जाण्याआधीच पुढची तारीख सांगतात. वही साहेबांपुढे जाईल म्हणून मी पाणी पीत बसलो होतो, ती माझ्यापुढे आली. साहेब छताकडे बघत होते. मी 'नोव्हेंबर, दुसरा शुक्रवार' म्हणून मोकळा झालो. रजा नाही, व्हिसा नाही, कंपनीच्या दौऱ्याचा पत्ता नाही. सोमवारी मॅनेजरला काय कारण सांगायचं याचाच विचार चाललाय, कारण आता रद्द करणं म्हणजे साहेबांची भाकरी बंद.

जागा दोनच आहेत आणि दुसरी साहेबांची. विचारू नका.