तार धर आणि हलू नकोस

दुपारी जेवून जरा आडवं व्हावं म्हणतो तोच भाच्याचा फोन. "मामा, घरी ऐकायला चांगला एफएम ट्यूनर घ्यायचाय. कुठला घेऊ?" ट्यूनर म्हणजे नुसतं स्टेशन पकडणारा डबा, स्पीकर वेगळे. पाठोपाठ त्याने आकडे वाचायला घेतले. सेन्सिटिव्हिटी अमुक, सिलेक्टिव्हिटी तमुक, कॅप्चर रेशो इतका. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अँटेना कुठे लावणार?" तो गडबडला. मग म्हणाला, "तो येतो की खोक्यातच. वायरचा."

ती वायर मला चांगली ठाऊक आहे. चपटी, टी आकाराची. घड्या मोडलेल्या अवस्थेत बाहेर येते आणि जन्मभर कपाटामागे लोंबत राहते. बिचारीचा काही दोष नाही. 100 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 3 मीटर, तिच्या निम्मी म्हणून ही दीडेक मीटरची. आडवी ताणावी, दोन्ही टोकं भिंतीला टाचावीत, स्टेशनच्या ट्रान्समीटरकडे तिची आडवी बाजू यावी, टोक येऊ नये. एवढं केलं तरी ती पुष्कळ काम करते. पण एवढं करतो कोण? पैसे ट्यूनरवर जातात आणि अँटेना कपाटामागे.

आमच्या घरी डायल आजोबांच्या ताब्यात होती आणि अँटेना मी होतो. स्टुलावर उभं राहून तारेचं टोक हातात धरायचं. "वर. अजून वर. खिडकीकडे... हां! आता हलू नकोस." खरखर विरून आतला गायक मोकळ्या गळ्याने गायला लागायचा, आणि नेमकं तेव्हाच माझं नाक खाजायचं. हात खाली आला की आजोबा रेडिओकडे नाही, माझ्याकडे बघायचे. अंगात निम्म्याहून जास्त खारट पाणी. माणूस तारेजवळ आला, लांब गेला की तिचं गणित बदलतं. हे कारण कळलं फार नंतर. तेव्हा मला वाटायचं, गाणं माझ्यातूनच येतंय. थोडी ऐटही होती त्याची.

खरखर परवडली, पण एक दुखणं तिच्याहून छुपं असतं. तीच लहर समोरच्या भिंतीवर, टेकडीवर आपटून किंचित उशिरा पोचते आणि मूळ लहरीत मिसळते. मग निवेदिकेचा 'स' फाटतो, व्हायोलिन किरकिरतं, आणि आपण स्पीकरला शिव्या घालतो. चांगला ट्यूनर यात थोडं सावरून घेतो, पण खरा इलाज गच्चीवरच. आडव्या दांड्यांचा यागी अँटेना लावायचा, हव्या त्या स्टेशनकडे तोंड आणि बाकीच्यांकडे पाठ. मॅरँट्झ 10बी नावाच्या जुन्या ट्यूनरच्या तोंडावर तर चक्क छोटा ऑसिलोस्कोप, म्हणजे सिग्नल रेघेत दाखवणारा पडदा होता. त्यातली हिरवी रेघ बघत लोक अँटेना फिरवायचे. मला तो ट्यूनर कधी परवडणार नाही, पण त्याचे फोटो मी अधूनमधून बघतो. घरातल्यांना वाटतं मी बातम्या वाचतोय.

ट्रान्समीटर उशालाच असेल तर मात्र गच्चीचा सोस नको. सिग्नल इतका दांडगा येतो की ट्यूनरचा घसा दाटतो आणि एकच स्टेशन भलत्या जागी उगवतं.

माझा हट्ट विचाराल तर काट्यांचा. दोन काटे हवेत: एक सिग्नलचा, तो उजवीकडे झुकावा, दुसरा स्टेशन नेमकं लागल्याचा, तो मधल्या रेघेवर स्थिर राहावा. नुसता आकडा दाखवणाऱ्या ट्यूनरवर स्टेशन लागतं, सापडत नाही. दुसरा हट्ट मोनोच्या बटणाचा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. स्टिरिओतला डाव्या-उजव्याचा फरक 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर, म्हणजे मूळ आवाजाच्या वरच्या मजल्यावरच्या एका जादा लहरीवर बसून येतो आणि त्या मजल्यावर खरखर जास्त. लांबचं स्टेशन असेल तर मोनो दाबा, खरखर जादूने ओसरते. लोकांना त्यात कमीपणा वाटतो. बातम्या सांगणारा एकच माणूस असतो, त्याला डावं-उजवं कशाला हवं?

नॉर्वेने 2017 मध्ये राष्ट्रीय एफएम वाहिन्या बंद करून टाकल्या. इंटरनेटवर तेच स्टेशन स्वच्छ ऐकू येतं म्हणतात. येतंही. फक्त आवाज जरा उशिरा पोचतो, तासाचे ठोके पडतात तेव्हा तास उलटून गेलेला असतो.

हे सगळं ज्या खरखरीपायी झालं, तिच्यामागे एडविन आर्मस्ट्राँग हा अमेरिकन इंजिनिअर हात धुऊन लागला होता, आणि त्यातूनच एफएम निघालं. 1933 मध्ये त्याला त्याची पेटंटं मिळाली. 1935 मध्ये न्यूयॉर्कला इंजिनिअरांच्या सभेत त्याने काय ऐकवलं, तर पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आणि कागद चुरगाळून फाडल्याचा. पाणी पाण्यासारखं ऐकू आलं, कागद कागदासारखा. रेडिओवर हे तोवर कुणी ऐकलंच नव्हतं. पुढची वर्षं मात्र बड्या कंपन्यांशी पेटंटांच्या भांडणात गेली. पैसा संपला, संसार विस्कटला, आणि 1954 च्या जानेवारीत त्याने तेराव्या मजल्यावरच्या घरातून उडी घेतली. खटले त्याच्या बायकोने, मॅरियनने, पुढे चालवले आणि जिंकले. शेवटचा निकाली निघाला 1967 मध्ये. तोवर तिथे एफएमवर स्टिरिओ सुरू होऊनही सहा वर्षं झाली होती.