जुन्या बी-२७५ ला बाटलीचं स्टँड

ट्रॅक्टरवर पाणी कुठं ठेवता, असं ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. कुणी हायड्रॉलिकच्या लिवरला पिशवी अडकवतो, कुणी टूलबॉक्समध्ये ग्रीसच्या डब्याशेजारी बाटली कोंबतो, कुणी बांधावर झाडाखाली कॅन ठेवून दर फेरीला तिकडं बघत तोंड सुकवत बसतो, आणि उरलेले सगळे बाटली पायाशी टाकतात. हे शेवटचं सगळ्यात डेंजर. ढेकळात पुढचं चाक आपटलं की बाटली गडगडत जाते आणि नेमकी ब्रेकच्या पेडलखाली शिरते, मग वळणावर पाय दाबला तर पेडल अर्ध्यातच अडकतं. लिवरला पिशवी अडकवणंही काही शहाणपणाचं नाही, लिटरभर पाणी झोके खायला लागलं तर लिवर सरकणार आणि नांगर आपल्या मनाने वरखाली होणार.

तर आमच्या जुन्या महिंद्रा बी-२७५ ला बाटलीचं स्टँड करून घेतलंय, त्यावर ही पोस्ट.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण नव्या पोरांना हे मॉडेल नुसतं भंगारवाल्याकडं बघून माहीत असतं. बी-२७५ हे मुळात इंग्लंडातलं डिझाईन, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातलं. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि हे मॉडेल आपल्याकडं बनायला लागलं, पुढं १९७७ ला ती कंपनी महिंद्रातच विलीन झाली. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, १४४ घनइंचाचं म्हणजे साधारण २३६० सीसी, ताकद ३५ एचपीच्या आसपास, गिअर आठ पुढं दोन मागं. आजच्या हिशोबाने पिटुकली गाडी. आमच्याकडं आता तिच्यावर जड नांगरट नसते, पाळी घालणं म्हणजे कुळवणं, पेरणी, पाण्याचा टँकर ओढणं एवढंच काम, पण एकदा बसलं की अर्धा दिवस जातो आणि मे महिन्यात अर्धा दिवस पाण्याशिवाय काढायचा म्हणजे चेष्टा नाही.

आबांना सांगितलं तर म्हणाले, "आता ट्रॅक्टरवर बसून कॉफी पिणार का?" मी म्हटलं, "आबा, कॉफी नाही ओ, साधं पाणी." त्यावर, "पाण्याला काय सिंहासन लागतंय व्हय!" विषय संपला, म्हणजे त्यांच्या बाजूने. फक्त एक अट घातली, मडगार्डला नवीन भोक पाडायचं नाही. ही अट मला शंभर टक्के पटली. ओरिजिनल पत्रा एकदा भोसकला की तिथनं गंज सुरू होतो, शिवाय जुन्या गाडीला जे काय लावायचं ते उद्या काढता आलं पाहिजे आणि काढल्यावर खूणही राहायला नको. ऑनलाईन मिळणारी बाईकची रेडिमेड होल्डरं बघितली नाहीत असं नाही, बघितली, पण ती सगळी प्लास्टिकची आणि हँडलच्या बारीक नळीवर बसणारी. इथं ती नळी आणणार कुठनं?

दुसरं म्हणजे हादरे. कारमध्ये इंजिन रबरावर बसवलेलं असतं आणि चाकांना स्प्रिंग असतात. इथं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल सगळं एकमेकांना बोल्टने घट्ट, वेगळी चासी नाही, स्प्रिंग काय ती सीटखाली. आता चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा डिझेल पेटतं, म्हणजे १५०० आरपीएमला, मिनिटाला १५०० फेरे असताना, मिनिटाला ३००० ठोके, सेकंदाला ५०, आणि त्याचा हादरा थेट मडगार्डपर्यंत येतो. गाडी जागेवर उभी असताना मडगार्डवर स्टीलचा पेला ठेवून बघा, पेला आपला आपण चालत काठापर्यंत येतो. तिथं प्लास्टिक काय टिकणार? तीन इंची पीव्हीसी पाईपचा तुकडा लावा असं बऱ्याच जणांनी सुचवलं, बाटली त्यात बसतेही मस्त, पण पीव्हीसी उन्हाने कडक होतं आणि हादऱ्याने बोल्टच्या भोकापासनं तडकतं.

आणि पाईपचा मोठा तोटा वेगळाच आहे. आमच्याकडं बाटली नुसती नेत नाहीत, गोणपाटात शिवून नेतात. गोणपाट ओलं केलं की वाऱ्यावर पाणी उडताना आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेतं, फ्रिजचं नाही पण माठाच्या जवळपास जाणारं पाणी मिळतं. कोरड्या उन्हात भारी चालतं, पावसाळ्यात दमट हवेत काही उपयोग नाही. पण यासाठी बाटलीला चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे, पाईपमध्ये घातली की गोणपाट नुसतं ओलं राहतं आणि वास मारतं. म्हणून उघडा पिंजराच पाहिजे हे नक्की झालं.

मग वेल्डरकडनं एक इंची पट्टीच्या दोन गोल कड्या करून घेतल्या, गोणपाटासकट बाटली बसेल एवढ्या, म्हणजे चार इंचाच्या जरा वर. त्यांना उभ्या तीन पट्ट्या, खाली बुडाला अधिक चिन्हासारखी आडवी-उभी पट्टी. बूड बंद ठेवायचंच नाही, धूळ आणि भुसकट साठतं, वरनं गोणपाटाचं पाणी गळतं आणि आत चिखल तयार होतो. कड्यांना आतनं जुन्या ट्यूबचा रबर गुंडाळला, नाहीतर दिवसभर खडखड ऐकून डोकं उठतं. वेल्डिंग सगळं दुकानात, गाडीवर एक टाकाही नाही, बॉनेटखाली डिझेलची टाकी असताना ठिणग्या उडवायची हौस नको.

जागा ठरवायला जास्त वेळ गेला. उजवीकडं हायड्रॉलिकचे लिवर, हात सारखा तिकडं जातो, म्हणून डावं मडगार्ड. पण चढणं-उतरणं पण डावीकडनंच, पुढच्या टोकाला लावलं तर रोज मांडीला लागणार. शेवटी सीटच्या पाठीच्या रेषेत, मडगार्डच्या आतल्या अंगाला जे दोन बोल्ट आधीपासनं आहेत तिथंच पट्टी अडकवली. दोन बोल्ट मुद्दाम, एकावर लावलं तर हादऱ्याने पिंजरा फिरतो आणि बाटली आडवी होते. पट्टीच्या जाडीमुळं बोल्ट थोडे लांब घ्यावे लागले. या गाडीचे बोल्ट इंचातले, सुताच्या हिशोबाचे, मेट्रिक म्हणजे मिलिमीटरातला बोल्ट दोन आटे जातो आणि मग अडकतो, तो ताकद लावून बसवला की आटे गेलेच म्हणून समजा. जुना बोल्ट खिशात घालून दुकानात जायचं, जुळवूनच घ्यायचं.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, बोल्टचं डोकं टायरच्या बाजूला आणि नट आपल्या बाजूला आला पाहिजे. उलटं लावलं तर लांब बोल्टचं टोक टायरकडं बाहेर येतं, आणि टायरला चिखल-दगड चिकटून आला की कधी घासेल सांगता येत नाही. मागच्या टायरची किंमत माहितीये ना? स्प्रिंग वॉशर घाला, आणि पहिल्या दिवसाचं काम झालं की पाना घेऊन परत एकदा आवळा, रंग दबतो आणि नट सैल पडतो.

गंज धरू नये म्हणून आधी रेड ऑक्साइडचा हात मारून वर लाल रंग दिलाय, लांबनं बघितलं तर कंपनीतनंच आल्यासारखं दिसतं. चहाचा ग्लास मात्र यात चालत नाही आणि चालावा असं मला वाटतही नाही, चहा प्यायचा तर गाडी बंद करून बांधावर बसून प्यावा, थर्मास मात्र व्यवस्थित बसतो.

एक फायदा न ठरवता झाला. डाव्या मडगार्डवर बसून "चल रे, वस्तीपर्यंत सोड" म्हणणारी मंडळी आता बसू शकत नाहीत, पिंजरा टोचतो. तिथनं पडलं की माणूस थेट मागच्या चाकाखाली, किती वेळा सांगितलं तरी ऐकायचे नाहीत. आता आबाच सांगतात, "तिथं पाणी आहे, चालत ये."