भाव विचारण्याआधी जमिनीचा कागद पाहा

महाराष्ट्रातील शहरांत जुन्या सोसायट्यांमध्ये राहणारी माणसे आपल्या घराच्या भावाविषयी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक बोलू लागली आहेत, आणि त्याचे मुख्य कारण पुनर्विकास हे आहे. शेजारची चार मजली इमारत पाडून तिच्या जागी उंच इमारतीचे काम सुरू झाले की आजूबाजूचा प्रत्येक जण आपल्या सदनिकेची किंमत मनातल्या मनात नव्याने मांडू लागतो. मात्र ही मांडणी बहुधा ऐकीव दरांवर होते. भागात प्रत्यक्ष व्यवहार कोणत्या रकमेला झाले आणि आपल्या इमारतीखालची जमीन आज कोणाच्या नावावर आहे, ही दोन उत्तरे हाती असल्याशिवाय तिला अर्थ नाही, असे माझे मत आहे. त्यातले दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच फारसे कोणी शोधत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. जाहिरातीतला दर हा विकणाऱ्याची अपेक्षा सांगतो. व्यवहार किती रकमेला झाला हे नोंदणीकृत दस्त सांगतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ई-सर्च सुविधेतून आपल्या भागातील दस्तांची सूची क्रमांक दोन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘इंडेक्स टू’, पाहता येते आणि तीत मोबदल्याची रक्कम, शासकीय दराने काढलेले बाजारमूल्य व क्षेत्रफळ नोंदवलेले असते. अशा काही अलीकडच्या नोंदी शेजारी ठेवल्या की भागाचा कल कोणत्याही दलालाच्या सांगण्यापेक्षा स्पष्ट दिसतो. तुलना करताना क्षेत्रफळ कोणत्या प्रकारचे आहे हे मात्र तपासावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे रेरा, लागू झाल्यापासून नव्या प्रकल्पांतील सदनिका चटई क्षेत्रावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या क्षेत्रावर, विकाव्या लागतात आणि त्या व्याख्येत बाल्कनी व बाहेरच्या भिंती धरल्या जात नाहीत, तर जुन्या करारांत अनेकदा बिल्ट-अप (भिंतींसह) किंवा सुपर बिल्ट-अप (जिना, लॉबी यांच्या वाट्यासह) क्षेत्र लिहिलेले असते. या दोन आकड्यांवरून प्रति चौरस फूट दर काढून ते समोरासमोर ठेवले, तर निष्कर्ष हमखास चुकतो.

रेडीरेकनर, म्हणजे शासनाने भागाभागासाठी ठरवलेले मालमत्तेचे दर, हा तिसरा आकडा. दोन वर्षे स्थिर ठेवलेले हे दर शासनाने १ एप्रिल २०२५ पासून राज्यभरात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवले. मुद्रांक शुल्क करारातील रक्कम आणि हे मूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. शिवाय करारातील रकमेपेक्षा शासकीय मूल्य दहा टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकरासाठीही ते वरचे मूल्य धरले जाते आणि त्याचा भार विकणारा व घेणारा या दोघांवरही येऊ शकतो. मोडकळीस आलेल्या इमारतीतील सदनिका विकणाऱ्याने म्हणूनच, इमारतीच्या वयानुसार मिळणारा घसारा मूल्यांकनात धरला आहे ना, हे दस्त करण्याआधी पाहून घ्यावे.

आता मूळ मुद्दा. सदनिकेचा नोंदणीकृत करार, भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि मालमत्ता कराची पावती हाती असली की आपण पूर्ण मालक झालो, अशी आपली समजूत असते. महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३, म्हणजे मोफा, यानुसार गृहनिर्माण संस्था नोंदल्यानंतर चार महिन्यांत जमीन व इमारत यांचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचे हस्तांतरण) संस्थेच्या नावे करून देणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. करारात वेगळी मुदत लिहिलेली असेल तर ती मुदत लागू होते. असंख्य विकासकांनी ते केलेले नाही. परिणामी मालमत्ता पत्रकावर (शहरी जमिनीच्या मालकीची नोंद असलेल्या प्रॉपर्टी कार्डावर) आजही मूळ जमीनमालकाचे किंवा विकासकाचे नाव असते, आणि पुढे चटई निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते याचे प्रमाण) वाढला की त्या वाढीव बांधकामावर तोच हक्क सांगायला उभा राहतो. ज्या कुटुंबांनी आयुष्यभराची बचत घालून घर घेतले, त्यांना त्याच घराखालच्या जमिनीसाठी असे ताटकळत राहावे लागावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर उपाय म्हणून २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्स), म्हणजे विकासकाच्या सहीशिवाय जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, तरतूद लागू झाली. विकासक सहकार्य करत नसेल, त्याचा ठावठिकाणा लागत नसेल किंवा जमीनमालकाचे वारस आपसांत भांडत असतील, तरी संस्थेला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करता येतो. सर्वसाधारण सभेचा ठराव, विकासकाला दिलेली नोटीस, सदस्यांचे नोंदणीकृत करार व त्यांच्या इंडेक्स टू, मंजूर नकाशे आणि जमिनीचा उतारा ही त्यातली प्रमुख कागदपत्रे आहेत. कायद्याने निर्णयासाठी सहा महिन्यांची कमाल मुदत घातलेली आहे; व्यवहारात ती पाळली जाईलच असे गृहीत न धरता पाठपुरावा करत राहावा.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला यापुढच्या टप्प्याविषयी आहे. प्राधिकाऱ्याचा आदेश आणि प्रमाणपत्र मिळाले की काम संपले असे समजून समित्या थांबतात, आणि तो आदेश संस्थेच्या कपाटात पडून राहतो. आदेशानंतर दस्ताचे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून अभिनिर्णय, म्हणजे त्यावर किती मुद्रांक शुल्क लागते याचा निर्णय, करून घ्यावा लागतो, दुय्यम निबंधकांकडे नोंदणी करावी लागते आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात किंवा तलाठ्याकडे फेरफार नोंदवून संस्थेचे नाव मालमत्ता पत्रकावर अथवा सातबाऱ्यावर चढवावे लागते. हे नाव चढल्यावरच बाहेरच्या माणसाला संस्थेची मालकी अभिलेखात दिसते. अपार्टमेंट म्हणून घोषित झालेल्या इमारतींची रचना वेगळी असते, कारण तेथे सदनिकेच्या खरेदीखतातूनच जमिनीतील अविभक्त हिस्सा मिळतो. त्यामुळे आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी समजून घ्यावे.

बाजाराच्या दृष्टीने या कागदाला आज जे वजन आले आहे, ते पुनर्विकासामुळेच. जमिनीचे शीर्षक स्वच्छ असेल तर विकासक संस्थेशी थेट बोलणी करतो; नसेल तर ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला देण्याची रक्कम सदस्यांच्या वाट्याच्या क्षेत्रातून आणि कॉर्पसमधून, म्हणजे विकासक सदस्यांना देत असलेल्या एकरकमी निधीतून, अप्रत्यक्षपणे वजा होते. एकाच भागातील अनेक इमारती एकदम पाडल्या गेल्या की तेथील सदस्य जवळपासच भाड्याची घरे शोधतात आणि भाडी चढतात, आणि काही वर्षांनी त्याच भागात विक्रीच्या सदनिका एकाच वेळी बाजारात येतात. म्हणून विकासक देऊ करत असलेले मासिक भाडे आजच्या दरावर ठरवू नये, त्यात दरवर्षी वाढ लिहून घ्यावी. आणि नवी सदनिका ताब्यात येताच विकण्याचा बेत असेल तर त्या वेळी स्पर्धा किती असेल याचा अंदाज आधी घ्यावा. संस्थांच्या पुनर्विकासाची कार्यपद्धती शासनाने ४ जुलै २०१९ च्या आदेशाने ठरवून दिली आहे. सभेचे चित्रीकरण आणि विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक हमी या तिच्यातील दोन गोष्टींवर तडजोड करू नये, कारण काम अर्धवट राहिले तर सदस्यांच्या हाती उरणारा ठोस आधार म्हणजे ती हमी होय.

पुनर्विकास लांब असेल तर इमारतीची निगा हाच भाव राखण्याचा मार्ग आहे. गृहनिर्माण संस्थांसाठीच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी. तिचा अहवाल समितीने खरेदीदाराला न मागता दाखवावा, असे मला वाटते. नामनिर्देशनाकडेही असेच लक्ष द्यावे. सदस्याच्या मृत्यूनंतर नामनिर्देशित व्यक्तीला संस्था तात्पुरते सदस्यत्व देते, पण त्यामुळे वारसांचा मालकी हक्क संपत नाही, तेव्हा मृत्युपत्र वेगळे करून ठेवणे गरजेचे आहे.

मालमत्ता पत्रक आणि सातबारा आता महाभूमीच्या संकेतस्थळावरून अल्प शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीसह मिळतात. आपल्या इमारतीचा उतारा काढून पाहावा, आणि त्यावर संस्थेचे नाव नसेल तर ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत अभिहस्तांतरणाचा विषय घ्यावा, असे पत्र सचिवांना देऊन त्याची पोच घ्यावी.