सेडलेत्सचं अस्थिगृह: झुंबराच्या पलीकडे काय बघायचं

प्रागला जाणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या यादीत किल्ला, चार्ल्स पूल आणि जुन्या चौकातलं घड्याळ असतं. कुटना होरा हे गाव प्रागपासून रेल्वेने तासाभरावर आहे, पण ते फार थोड्यांच्या यादीत असतं. जे जातात तेही बहुधा ‘हाडांचं चर्च’, म्हणजे गावाच्या सेडलेत्स या उपनगरातलं अस्थिगृह बघायला जातात, हाडांच्या झुंबराखाली दहा मिनिटं उभे राहतात आणि परततात. माझ्या मते ही जागा बघायचा क्रमच उलटा हवा. झुंबर सगळ्यात शेवटी बघावं. आधी स्मशानभूमी समजून घ्यावी, कारण ती कळली नाही तर खाली फक्त सांगाड्यांची सजावट दिसते.

1142 साली सेडलेत्समध्ये सिस्टर्शियन या कॅथलिक साधूंच्या पंथाचा मठ उभा राहिला. बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाचा, राजा दुसऱ्या ओटाकारने 1278 मध्ये इथल्या मठाधिपतीला जेरुसलेमकडे पाठवलं. येशूला जिथे क्रुसावर चढवलं त्या गोल्गोथाच्या टेकडीवरची माती त्याने आणली आणि मठाच्या दफनभूमीवर पसरली, अशी इथली परंपरा सांगते. या मातीमुळे सेडलेत्सला पुण्यभूमीचा मान मिळाला आणि दूरदूरच्या लोकांना इथेच पुरलं जावंसं वाटू लागलं. काशीत देह ठेवण्याची ओढ ज्यांनी घरात ऐकली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. पुढे चौदाव्या शतकात दुष्काळ आणि प्लेग आले, पंधराव्या शतकात हुसाइट युद्धं (धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची धर्मयुद्धं) झाली आणि प्रेतांची संख्या जागेच्या मानाने फार वाढली. 1400 च्या सुमारास दफनभूमीच्या मधोमध दुमजली गॉथिक चर्च बांधलं गेलं. वरचा मजला प्रार्थनेचा, खालचा हाडं ठेवण्याचा. नव्या प्रेतांना जागा करायची तर जुनी थडगी उकरावी लागत आणि निघालेली हाडं खाली रचली जात. हे काम सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका अर्धवट अंध साधूने केलं असं सांगतात. खाली चाळीस ते साठ हजार माणसांची हाडं असावीत असा अंदाज आहे.

हाडं जपून ठेवणं हा कॅथलिक जगात विचित्रपणा नव्हता. मृत देह पुन्हा उठणार या श्रद्धेमुळे हाडं टाकून देता येत नाहीत आणि दफनभूमी तर भरलेली, म्हणून अस्थिगृह. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष ज्यांनी बघितले आहेत, त्यांना या भावनेची थोडी ओळख असते. आपल्याकडे अस्थी गोळा करून नदीत सोडल्या की देहाशी नातं संपतं. त्यामुळे हिंदू घरातल्या माणसाला इथे पहिली काही मिनिटं अवघडल्यासारखं होतं, आणि ते होऊ द्यावं.

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. प्रागच्या मुख्य स्टेशनवरून तिकीट ‘कुटना होरा ह्लाव्नी नाद्राझी’ म्हणजे मुख्य स्टेशनपर्यंतचं काढा. काही गाड्या थेट जातात, काहींना कोलीनला बदलावं लागतं. इथे लोकांची नेहमी एक गफलत होते. मुख्य स्टेशन जुन्या गावात नाहीच, ते सेडलेत्स या उपनगराला लागून आहे. म्हणजे अस्थिगृह स्टेशनपासून पायी साधारण पंधरा मिनिटांवर, तर सेंट बार्बराचं मोठं कॅथेड्रल असलेलं जुनं गाव आणखी अडीच-तीन किलोमीटर पुढे. जे लोक छोट्या लोकल गाडीने आधी ‘म्येस्तो’ म्हणजे गावातल्या स्टेशनवर जातात, त्यांना अस्थिगृहासाठी तेवढंच मागे यावं लागतं. आधी सेडलेत्स, मग गाव, हाच क्रम सोयीचा.

दुसरी गफलत तिकिटाची. अस्थिगृहाच्या दारात तिकीट मिळत नाही. ते जवळच्या माहिती केंद्रात काढायचं, तिथून अस्थिगृह दोन-तीन मिनिटांवर आहे. तिकीट अस्थिगृह आणि शेजारचं सेडलेत्सचं कॅथेड्रल मिळून असतं. सेंट बार्बरासह तिन्हींचंही मिळतं. रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे कॅथेड्रल उशिरा उघडतं. हिवाळ्यात वेळा आखूड होतात आणि 24 डिसेंबरला अस्थिगृह बंद असतं. प्रागहून येणाऱ्या सहलींच्या बसगाड्या साधारण अकरानंतर गर्दी करतात. जागा लहान आहे, दोन बसमधली माणसं एकदम उतरली की काहीच धड दिसत नाही. म्हणून उघडतानाच पोचा.

फोटोंची परवानगी नाही, हे आधीच मनाशी पक्कं करून जा. 1 जानेवारी 2020 पासून आत छायाचित्रण बंद आहे. लोक कवट्यांना हात लावून, त्यांच्यावर टोप्या नि चष्मे चढवून सेल्फी काढत होते. खरंच काम असेल तर किमान तीन दिवस आधी परवानगी मागावी लागते. मला हा निर्णय शंभर टक्के योग्य वाटतो. ही आजही चर्चची पवित्र जागा आहे, आणि इथली माणसं कुणाची तरी आई-बापं होती.

आत जाण्याआधी चर्चला बाहेरून एक फेरी मारा. समोरचा भाग वेगळ्या काळातला दिसतो. उकरलेल्या जमिनीवर उभी असलेली दर्शनी भिंत बाहेर कलू लागली, तेव्हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद यान ब्लाजेय सांतिनी-आइखेल याने नवं प्रवेशदार बांधून तिला आधार दिला. वरचा प्रार्थनामजलाही त्यानेच बरोक शैलीत घडवला. आधी वर जाऊन या. वरचा उजेड बघितल्याशिवाय खालच्या अंधाराचा हेतू कळत नाही.

मग पायऱ्या उतरा. उन्हाळ्यातही खाली गार असतं, अंगावर काहीतरी हवं. व्हीलचेअरने खाली जाता येत नाही. चार कोपऱ्यांत कवट्या आणि लांब हाडांचे मोठे घंटेच्या आकाराचे ढिगारे रचलेले असतात. मला ही जागेची खरी ओळख वाटते. ओलावा, धूळ आणि लाखो माणसांचा वावर यांमुळे हाडं काळवंडली आणि ठिसूळ झाली, त्यामुळे गेली काही वर्षं हे ढिगारे एकेक करून उकलले जातात, हाडं स्वच्छ होतात आणि पुन्हा रचली जातात. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा एखादा कोपरा रिकामा किंवा परांचीने झाकलेला असू शकतो. त्याने हिरमुसू नका, हे काम चालू असताना बघायला मिळणंही मोलाचं आहे.

आता झुंबर. 1783 मध्ये मठ बरखास्त झाला, पुढे मालमत्ता श्वार्झेनबर्ग या सरदार घराण्याकडे आली आणि 1870 मध्ये त्यांनी फ्रांटिशेक रिंट या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराला हाडांची मांडणी सोपवली. त्याने हाडं क्लोरीनयुक्त चुन्याने पांढरी केली आणि त्यातून झुंबर, माळा, पेले घडवले. झुंबरात माणसाच्या शरीरातलं प्रत्येक हाड किमान एकदा वापरलंय असं सांगतात. पण कारागिरी बघायची असेल तर श्वार्झेनबर्गांचं मानचिन्ह बघा. त्यात हाडांचा कावळा एका तुर्काच्या डोळ्यावर चोच मारतोय. 1598 मध्ये या घराण्यातल्या एका सरदाराने तुर्कांकडून राब (आजचं हंगेरीतलं ग्यॉर) हा किल्ला जिंकला, त्याची ही खूण. पायऱ्यांजवळच्या भिंतीवर रिंटने आपली सही आणि साल हाडांनीच लिहिलंय. गर्दीत लोक त्यासमोरून न बघता जातात.

अर्धा तास पुरतो. पुढे सेडलेत्सचं कॅथेड्रल बघा, जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच्या शेजारचा मूळ मठ एकोणिसाव्या शतकापासून तंबाखूचा कारखाना आहे. गावात सेंट बार्बरा ही खाणकामगारांची रक्षक मानलेली संत. चांदीच्या खाणींवरच हे गाव श्रीमंत झालं, तिच्या नावाचं चर्च 1388 ला सुरू होऊन 1905 ला पूर्ण झालं. दिवस संध्याकाळपर्यंत सहज भरतो.

लहान मुलांना न्यावं का? दहा वर्षांखालच्या मुलाला आधी घरी बसून काय बघायचंय ते सांगा. न सांगता नेऊ नका.

आणि हाडांची सजावट नको, फक्त जागा हवी असेल तर ब्रनो या दुसऱ्या चेक शहरात जा. तिथे सेंट जेम्स चर्चखाली 2001 साली अस्थिगृह सापडलं, 2012 मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पन्नास हजारांहून अधिक माणसांचे अवशेष तिथे आहेत, आणि कुणीही त्यांचं झुंबर केलेलं नाही. नुसत्या रचलेल्या भिंती आहेत. प्रागहून रेल्वेने अडीच-तीन तास लागतात, म्हणून तिकडे मुक्कामाला जाणं बरं.