गोणपाटावरची परीक्षा

18 मे हा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा स्थापना दिन. त्या निमित्तानं भरणाऱ्या खरीप मेळाव्याला मी जाते. भाषणांपेक्षा स्टॉलवरच्या शास्त्रज्ञांशी बोलणं मला मोलाचं वाटतं. सोयाबीनची उगवण तपासायला तिथंच शिकले. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं. आठवडाभरात कोंब मोजायचे. 70 निघाले तर एकरी 30 किलो पुरतं, कमी निघाले तर बियाणं वाढवायचं.

आता बचत गटातल्या बाया पेरणीआधी आमच्या ओसरीत गुंडाळ्या आणून ठेवतात. विकतच्या बियाण्याच्या पिशवीचे भाव पाहता घरचं बियाणं असं तपासायला गावोगावच्या बायांना शिकवलंच पाहिजे! ज्वारीच्या बियाण्यासाठी 17 सप्टेंबरच्या रब्बी मेळाव्याला जाऊबाईंनाही नेणार आहे.