टीव्हीशेजारचा लाडू

“डॉक्टर, तो तोंड उघडून वर बघत बसलाय. आणि खाली सेक्रेटरी काकांनी फॉरेस्टला फोन लावलाय.”

फोनवरच्या मुलीचा आवाज दुसऱ्या वाक्याला जास्त कापत होता. मला काळजी वाटली ती पहिल्याची. सापाला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, त्यामुळे जोरात खोकून छाती मोकळी करणं त्याला जमत नाही. फुप्फुसात चिकट स्राव साठला की तो डोकं उंच धरतो आणि जबडा उघडून हवा ओढत राहतो. तिचा लाडू हा बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर. तो इथवर आला म्हणजे गोष्ट कालपरवाची नाही हे धरून चालायचं. साप दुखणं शेवटपर्यंत अंगावर काढतात.

2025 चा जानेवारी, शनिवारची सकाळ. पुण्यात पहाटे पारा 10-11 अंशांपर्यंत उतरत होता. तापमान मोजायची इन्फ्रारेड गन, आर्द्रता मोजायचा हायग्रोमीटर, वजनकाटा, सुया, कापडी पिशव्या असं नेहमीचं सामान स्कूटरच्या डिकीत कोंबलं आणि वाकड गाठलं.

सोसायटीच्या गेटवर सात-आठ माणसं जमलेली. सेक्रेटरींनी मला लिफ्टपाशीच गाठलं. “डॉक्टर, अजगर आहे वर. अजगर! इथं लहान मुलं खेळतात. मी वन विभागाच्या 1926 हेल्पलाइनला कळवून ठेवलंय.” म्हटलं, “काका, बरं केलंत. मी आधी पेशंट बघतो.”

वन बीएचके फ्लॅट, फोन करणारी ती आणि तिचा नवरा, दोघं आयटीतले, दोघांचंही काम घरूनच. हॉलमध्ये दोन टेबलं, सोफा, टीव्ही, आणि टीव्हीशेजारी युनिटवर तीन फुटी काचेची टाकी. वर जाळीचं झाकण, झाकणावर लाल बल्ब, आत प्लास्टिकचा हिरवा वेल. डाव्या कोपऱ्यात नारळाची अर्धी करवंटी, उजव्या टोकाला टाकीच्या तळाखाली चिकटवलेली हीट मॅट. दर्शनी काचेवर गोल काट्याचा तापमापक होता आणि काटा 29 वर. “टेम्परेचर तर बरोबर आहे ना, सर?” नवऱ्याने विचारलं.

काटा खरं तेच सांगत होता, पण बल्बजवळच्या, टाकीच्या वरच्या कडेचं. साप तळाशी राहतो. गन डाव्या कोपऱ्यावर धरली तर 20, उजव्या टोकाला मॅटच्या वर 46. मधल्या पट्ट्यात 23-24. हायग्रोमीटर आत ठेवून पाच मिनिटं थांबलो. आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली. डावा कोपरा बरोब्बर बाल्कनीच्या सरकत्या दाराशी येत होता आणि त्या दाराच्या फटीतून रात्रभर गार वारा आत यायचा.

आता हा प्राणी मुळात कुठला, ते जरा सांगतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली गवताळ रानं ही त्याची जागा. घाना, टोगो, बेनिन या देशांतून तो जगभर जातो. दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून राहायचं, रात्री बाहेर यायचं. बिळात अंधार असतो, अंग दोन्ही बाजूंनी भिंतीला टेकतं, बाहेर उन्हाळा पेटला तरी आत ओल टिकते. पाळताना उबेच्या बाजूला साधारण 31 ते 33 अंश, गार बाजूला 25-26, आणि आर्द्रता 60 ते 70 टक्के लागते. कात टाकायच्या दिवसांत याहून थोडी जास्त. हे आकडे सापाची निगा सांगणाऱ्या कुठल्याही केअर शीटमध्ये सापडतात आणि त्या दोघांनाही तोंडपाठ होते. त्यांच्या वाचनात जे आलं नव्हतं ते असं, की या सापाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच मिळणार असेल तर तो आडोसा घेतो. इथे लपायला एकच करवंटी आणि तीही सगळ्यात गार कोपऱ्यात. चहूकडे काच, समोर सोफा, शेजारी टीव्हीचा सबवूफर. लाडू महिनोन्महिने 20 अंशांत अंग चोरून बसला होता. गारठा सोसवेनासा झाला की तापलेल्या मॅटवर जाऊन पोट भाजून घेत होता आणि पुन्हा करवंटीत.

उचलून बघितला. वजन 1 किलो 140 ग्रॅम. शेपटीकडे आणि मानेवर जुन्या कातीचे करड्या रंगाचे तुकडे चिकटलेले, डाव्या डोळ्यावर कातीची चकती तशीच राहिलेली. पोटाच्या खवल्यांवर मॅटच्या मापाचा लालसर पट्टा. नाकपुडीशी श्वासागणिक एक बारीक बुडबुडा फुगत होता, फुटत होता. कान जवळ नेला तर टिक, टिक असा ओला आवाज. तोंड हलकेच उघडलं, हिरड्यांवर चिकट तार होती, पण पिवळा पू नव्हता. खवल्यांच्या फटींत गोचडीची पिल्लं किंवा काळे माइट्स नव्हते. म्हणजे अजून हातातलं होतं.

“शेवटचं कधी खाल्लं?”

“नोव्हेंबरमध्ये. पण सर, बॉल पायथन हिवाळ्यात उपास करतात ना? सगळेच सांगतात.”

करतात, आणि धडधाकट साप कित्येक महिने करतात. याच प्रसिद्धीने घात होतो. उपास आणि आजार बाहेरून सारखेच दिसतात, फरक काट्यावर कळतो. धडधाकट साप महिना-दोन महिने जेवला नाही तरी वजनात नाव घेण्यासारखी घट येत नाही. बायकोने मोबाइलमधली नोंद काढली. दिवाळीत हा 1 किलो 390 होता. तिने वजनं लिहून ठेवली होती हे त्या दिवशीचं सगळ्यात चांगलं निदान. माझ्याकडे साप घेऊन येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक वजन करतात, फोटो मात्र शेकड्यांनी असतात.

प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन दिलं, शरीराच्या पुढच्या एक तृतीयांश भागात. मागे दिलं तर तिकडचं रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडातून फिरतं आणि औषध वाया जाण्याची भीती असते. पुढची इंजेक्शनं दर तिसऱ्या दिवशी. त्यांना स्पष्ट सांगितलं, की औषध अर्धंच काम करेल. सापाची प्रतिकारशक्ती अंगाच्या तापमानावर चालते. 20 अंशांत ठेवून जगातलं कुठलंही औषध दिलं तरी उपयोग नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात वनरक्षक, मागे सेक्रेटरी, त्यांच्या मागे अर्धा मजला.

वनरक्षक तरुण होता आणि त्याने पहिलाच प्रश्न मुद्द्याचा विचारला, “भारतीय अजगर आहे का?” तो असता तर बोलणंच संपलं असतं. भारतीय अजगर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये येतो, घरात ठेवताच येत नाही. मी लाडूचं डोकं दाखवलं. आपल्या अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते आणि तो दहा फुटांच्याही पुढे वाढतो. हा चार वर्षांचा होऊनही साडेतीन फूट, मान बारीक, अंग जाड, काळ्यावर सोनेरी-तपकिरी ठिपके आणि डोळ्यावरून मागे गेलेली फिकट रेघ. त्याने स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून साहेबांना पाठवला आणि कागद मागितले.

कागद होते. बॉल पायथन साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट 2 मध्ये असल्यामुळे 2022 च्या दुरुस्तीनंतर तो वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 4 मध्ये आला. फेब्रुवारी 2024 च्या नियमांनुसार अशा प्राण्यांची परिवेश 2.0 पोर्टलवर नोंदणी करावी लागते. साप नवीन घेतला, दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा साप मेला, सगळं कळवायचं. या दोघांनी मुदतीत नोंद केली होती. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच सापांची अजून झालेली नाही आणि मी त्यांच्या मालकांना दर वेळी टोचत असतो. वनरक्षकाने क्रमांक उतरवून घेतला. सेक्रेटरींचा चेहरा पडला.

आणि मग खालच्या मजल्यावरून खणखणीत आवाज आला, “मिठू! मिठू!”

वनरक्षकाने पेन थांबवलं. “हा कुणाचा?”

सेक्रेटरी म्हणाले, “आमचाच. बारा वर्षांचा आहे. घरातलाच झालाय आता.”

गळ्यात गुलाबी कंठ असलेला आपला रानपोपट हा संरक्षित पक्षी आहे, तो पिंजऱ्यात ठेवायला कायद्याने परवानगी नाही. त्याला ना परिवेश, ना नोंदणी. अर्ध्या मजल्याने एकदम लिफ्टचं बटण दाबलं. वनरक्षक पोराने चांगल्या आवाजात, आरडाओरडा न करता काकांना सगळं समजावलं आणि खाली घेऊन गेला. पुढे तो पोपट वन विभागाच्या ताब्यात गेला. मला काकांची गंमत करावीशी वाटली नाही. बारा वर्षं हाताने पेरू भरवलेला जीव होता तो.

आम्ही तिघं कामाला लागलो. नवरा ज्या दुकानातून अंडी उबवण्याच्या यंत्रांचे सुटे भाग मिळतात तिथून डिजिटल थर्मोस्टॅट घेऊन आला. पेट शॉपमध्ये तिप्पट किमतीला मिळेल तीच वस्तू. त्याचा सेन्सर मॅटच्या थेट वर, तळाशी चिकटवला आणि 32 वर लावला. लाल बल्ब काढला. रात्रंदिवस उजेड कुणालाच नको असतो. जाळीच्या झाकणावर ॲल्युमिनियम फॉइल, हवेला हातभर जागा सोडून. तीन बाजूंच्या काचांना बाहेरून काळा कागद. खाली वर्तमानपत्राच्या जागी नर्सरीतला कोकोपीट, मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतपत ओला. मातीच्या दोन सारख्या कुंड्या उपड्या केल्या, कडेला दार फोडून धार घासली आणि एक उबेकडे, एक गारव्याकडे ठेवली. सारख्या का, तर आडोशासाठी त्याला हवं ते तापमान सोडावं लागू नये.

राहिला प्रश्न टाकी ठेवायची कुठे. वन बीएचके फ्लॅटमध्ये हा प्रश्न सुटत नाही असं लोक धरून चालतात. मी गन घेऊन भिंती मोजत फिरलो. हॉलची बाल्कनीकडची भिंत रात्री गार आणि उन्हाळ्यात पश्चिमेच्या उन्हाने तापणारी. स्वयंपाकघर बाद, सापाकडून पसरू शकणाऱ्या साल्मोनेला जिवाणूंमुळे. सापाचं पाण्याचं भांडं ओट्याच्या सिंकमध्ये धुवायचं नाही हेही तिथेच सांगून टाकलं. बेडरूमची आतली भिंत, शेजारच्या फ्लॅटला लागून असलेली, दिवसभर जवळजवळ एकाच तापमानाची. तिथे बायकोचं कामाचं टेबल होतं.

“मग टेबलाखाली,” ती म्हणाली.

तेच झालं. महिनाभरात मिस्त्रीकडून चार फूट लांब, दोन फूट खोल, दोन फूट उंच असं प्लायवूडचं कपाट करून घेतलं. आतून सनमायका, कडा सिलिकॉनने बंद, समोर सरकती काच आणि दुकानाच्या शोकेसला असतं तसं कुलूप. वर फळी टाकली की टेबल. गोंद-वार्निशाचा वास पूर्ण जाईपर्यंत ते रिकामंच उघडं ठेवायला लावलं. वरून सिरॅमिक हीटर, त्याला जाळीचा पिंजरा, थर्मोस्टॅट तोच, आणि लाइट गेली तर घरातल्या इन्व्हर्टरवर एक प्लग. चार फुटी साप दोन चौरस मीटरही मागत नाही. तो मागतो ती जागा घरातली सगळ्यात कंटाळवाणी, कुणाच्या नजरेत न येणारी असते, आणि हौसेने साप आणणाऱ्याला नेमकी तीच द्यायची नसते. साप बघायला मिळणार नसेल तर पाळायचा कशाला, असं मला एकाने तोंडावर विचारलंय. बरोबर विचारलं होतं. त्याला मी सांगितलं, मग मासे पाळा.

एक गोष्ट जाता जाता, कारण परदेशी केअर शीटमध्ये ती सापडत नाही. डासांची कॉइल, मॅट, लिक्विड आणि झुरळांचा स्प्रे सापाच्या खोलीत अजिबात नको. यातल्या पायरेथ्रॉइड कीटकनाशकांचा सरपटणाऱ्या प्राण्यांना त्रास होतो. खिडकीला जाळी लावा. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल यायच्या दिवशी साप माझ्याकडे आणून ठेवा, मी पैसे घेत नाही.

इंजेक्शनांचा कोर्स संपेपर्यंत टिकटिक थांबली होती. डोळ्यावरची चकती मी ओढली नाही, ओढायची नसतेच. ओल मिळाल्यावर पुढच्या कातीबरोबर ती आपोआप निघाली, नाकापासून शेपटीपर्यंत अखंड कातीत. फेब्रुवारीअखेरीस लाडूने फ्रीझरमधला, गरम पाण्यात ठेवून मऊ केलेला उंदीर घेतला. ते गोठवलेले उंदीर आता वेगळ्या डब्यात असतात आणि डब्यावर मार्करने लिहिलेलं असतं, कारण सांगलीहून आलेल्या सासूबाईंनी एकदा आइस्क्रीम समजून झाकण उघडलं होतं. त्या परत आल्या आहेत, पण फ्रीझरला हात लावत नाहीत.

एप्रिलमध्ये गेलो तेव्हा चिंता उलटी होती. बाहेर 39 अंश आणि हवा कोरडी ठणठणीत. थर्मोस्टॅट गरम करू शकतो, गार नाही. आतल्या भिंतीने मात्र लाज राखली, गार बाजू 28 च्या वर गेली नव्हती. वजन 1 किलो 360.

निघताना तिने एक कागद दाखवला. सोसायटीने नवीन नियम केलाय, प्रत्येकाने पाळीव प्राण्याचा फॉर्म भरायचा. सेक्रेटरी काकांच्या सहीचा, साहजिकच कुत्री-मांजरं डोळ्यांपुढे ठेवून केलेला. तिने इमानदारीने भरला होता. प्राण्याचा प्रकार: बॉल पायथन. लसीकरण: लागू नाही. फिरायला नेण्याची वेळ: नाही. रात्री भुंकतो का: नाही.