तुम्ही विचारलंत म्हणून : गाडीसाठी गाव बदललं त्याची गोष्ट

"घर पुण्यात, नोकरी पुण्यात, मग बेळगावला कशाला गेलात? नुसती गाडी फिरवायला?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, जुन्या कंपनीतल्या लोकांनी विचारला. आता माझ्यासारखीच कच्च्या वाटांवर दुचाकी चालवणारी मंडळीही विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नाला एक शेपूट असतं: "तिकडं कुणी अडवत नाही म्हणे?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो, कारण सगळी गफलत त्या शेपटात आहे.

पुण्याला मला नावं ठेवायची नाहीत. वेताळ टेकडीवर गाडी नेता येत नाही, ते बरोबरच आहे. शहरातल्या माणसाला चालायला तेवढीच माती उरलीय, तिथं इंजिनाचा आवाज नकोच. माझं दुःख टेकड्यांचं नव्हतं, मावळ-मुळशीतल्या वाटांचं होतं. २०११ साली हिरोची इम्पल्स आली तेव्हापासून मी त्या भागात जायचो. ज्या वाटांवर १५० सीसीच्या त्या गाडीनं मला चालवायला शिकवलं, त्या एकेक करून बंद झाल्या. आधी दगडी खांब रोवले जायचे, मग काटेरी तार, मग 'एनए प्लॉट'ची पाटी, मग लोखंडी गेट आणि गेटवर एक वॉचमन. वॉचमनला विचारावं तर तो म्हणणार, मालक मुंबईला असतात. परवानगी मिळत नाही याचं मला फारसं वाटत नव्हतं. परवानगी मागायला समोर माणूसच उरला नव्हता, ते लागत होतं. दीड तास हायवेनं जायचं, गेट बघायचं आणि परत यायचं, असे बरेच रविवार गेले.

मी मशीन डिझाइनमधला माणूस. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची कामं पूर्वीपासून आहेत, त्यामुळं पोटापाण्याची सोय होणार हे ठाऊक होतं. पगार थोडा कमी झाला, घरभाडं बरंच कमी झालं. चार वर्षांपूर्वी सामान टेम्पोत भरलं आणि गाडी स्वतः चालवत आलो. तेव्हा गाडी हिरोचीच एक्सपल्स होती, आजही तीच आहे. पुढं एकवीस इंची चाक, मागं अठरा, पोटाखाली २२० मिलिमीटर मोकळी जागा. इथल्या वाटांना याहून मोठं काही लागत नाही, आणि भारी गाडी घेऊन येणाऱ्याला मी पहिल्यांदा हेच सांगतो. चिखलात पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे.

आता इथं आहे काय ते सांगतो. बेळगावातल्या अनगोळच्या घरातून निघालो की पंधरा-वीस मिनिटांत चाकाखाली माती येते. पश्चिमेला पिरनवाडी, किणये करत जांबोटीकडं गेलं की तांबडी माती आणि जांभा. जांभ्याचा पृष्ठभाग कोरडा असताना खरवडतो, टायर धरतो. पाऊस पडून शेवाळ धरलं की त्याच दगडावर पाय ठेवला तरी घसरतो. आणखी पुढं कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, आणि तिथून चोर्ल्याचा घाट खाली गोव्यात उतरतो. पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं काळं रान. कणकुंबीचा पाऊस आणि सौंदत्तीचा पाऊस, जिल्हा एक एवढंच काय ते साम्य.

काळ्या रानानं मला पहिल्याच जूनमध्ये हिसका दाखवला. एक सर येऊन गेली होती, वरून माती नुसती ओलसर दिसत होती. शंभर मीटर गेलो असेन. माती टायरला थरावर थर चिकटत गेली, मडगार्ड आणि टायर यांच्यात ठासून भरली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. ओढताही येईना. एका काटकीनं अर्धा तास माती खरवडत होतो, आणि दहा मीटर गेलो की पुन्हा तेच. शेवटी शेळ्या घेऊन चाललेल्या एका पोरानं सांगितलं की ऊन पडू द्या, दोन तासांनी आपोआप गळेल. तसंच झालं. तेव्हापासून पाऊस पडला की मी पूर्वेला जात नाही, आणि गेलोच तर कडेच्या गवतावरून, गवत कुणाच्या बांधावरचं नसेल तर.

बांधाचा विषय निघालाच आहे तर मला खरं जे सांगायचंय ते सांगतो.

इथल्या वाटा उघड्या आहेत त्या त्यांच्यावर लोक चालतात म्हणून. पाणंदीतून बैलगाडी जाते, उसाची ट्रॉली जाते, शेणखत जातं, शाळेची पोरं जातात. वाट रोज वापरात असली की तिच्यावर कुणाला कुंपण घालता येत नाही. म्हणजे मी ज्या वाटेवर मजेसाठी जातो, ती कुणाच्या तरी कामाची वाट असते, आणि त्या कामात मी उपरा असतो. हे मला आल्या आल्या कळलं नव्हतं. कळलं ते मे महिन्याच्या शेवटी, चंदगडच्या बाजूच्या एका गावात.

पाणंद एका ओहोळापाशी संपल्यासारखी वाटली. पलीकडं मोकळं रान होतं, नांगरलेलं, फळी मारून सपाट केलेलं, एक हिरवं पातंसुद्धा नाही. उन्हाळ्यात पडीक टाकलेलं असणार असं धरून मी गाडी सरळ आत घातली. पन्नास-साठ पावलं गेलो असेन, तोच बांधावरून हाक आली.

"ओ पावणं! थांबा. गाडी बंद करा."

म्हातारे गृहस्थ होते, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. जवळ आले, पण चेहऱ्यावर राग नव्हता, त्यामुळं मी जास्तच गोंधळलो. ते माझ्या चाकाच्या मागं उकिडवे बसले, टायरच्या खुणेत दोन बोटं घातली, माती उकरली आणि तळहात माझ्यापुढं धरला. तळहातावर भाताचे पाच-सहा दाणे होते.

"दिसत न्हाई, खरं पेरलंय."

इथं 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. मी नवा होतो, मला त्या वाक्याचा अर्थ लागायलाही क्षणभर वेळ लागला. धूळवाफ पेरणी म्हणतात तिला. पाऊस यायच्या आधी, कोरड्या धुळीतच कुरीनं, म्हणजे पेरायच्या अवजारानं, भात पेरून ठेवायचं आणि वरून फळी फिरवायची. पाऊस येईपर्यंत दाणा मातीत वाट बघत राहतो. त्या भरवशावर टाकलेल्या बियांवरून मी दीडशे किलोच्या वरची गाडी आणि माझं वजन नेलं होतं. दाबलेली माती पाऊस पडून सुकली की तिची खपली होते, मग खालचा कोंब वर येत नाही. हे त्यांनीच समजावलं, पोराला समजवावं तसं.

मी गाडी वळवायला लागलो तर म्हणाले, "वळवू नका, आणखी रान तुडवंल. आलासा त्याच चाकोरीतनं मागं घ्या." चाकोरी हा शब्द मी जन्मभर भलत्याच अर्थानं वापरत आलो होतो. तिथं पहिल्यांदा तो जमिनीवर पाहिला, चार बोटं रुंद, टायरच्या गुठळ्यांची नक्षी असलेला. गिअर न्यूट्रल करून मी गाडी मागं ढकलत आणली आणि ते कॅरिअरला हात लावून ती चाकोरीतून हलू देत नव्हते. पाणंदीत आल्यावर मी पैसे काढले. त्यांनी हात जोडले आणि बोट करून दाखवलं: वाट त्या आंब्याखालून जाते, ओहोळाच्या अलीकडूनच. मी पाहिलीच नव्हती.

जुलैत मुद्दाम गेलो. सगळ्या रानात भात टाचभर वर आलं होतं आणि मधून एक विरळ पट्टा गेला होता, सरळ, पन्नास-साठ पावलांचा. दिवाळीच्या आसपास कापणीला दोन दिवस गेलो, विळा नीट चालवता आला नाही म्हणून पेंढ्या वाहिल्या. आता त्यांच्या घरी माझ्या नावाचा चहा होतो.

तेव्हापासून माझा नेम ठरला. वाटेवरचं शेवटचं घर आलं की गाडी बंद करायची, हेल्मेट काढायचं आणि विचारायचं. हेल्मेट काढणं महत्त्वाचं आहे, झाकलेल्या तोंडाशी कुणी मोकळं बोलत नाही. मराठीत विचारतो, कन्नड गाव असलं तर मोडक्या कन्नडमध्ये, आणि त्या मोडक्या कन्नडला इथं जे प्रेम मिळालं ते मी विसरणार नाही. नकार फार थोड्या वेळा आला. एकदा काजूच्या दिवसांत. बोंडं पिकली की बागेत चोऱ्या होतात, तेव्हा अनोळखी माणूस नकोच, आणि त्यांचं बरोबर होतं. सायलेन्सर मी कंपनीचाच ठेवलाय. गोठ्यात व्यायलेली म्हैस असेल तर मोठ्या आवाजानं ती दूध चोरते, हे एका बाईनं ऐकवल्यावर त्यावर दुसरा विचार करायचं कारण राहिलं नाही.

आता 'कुणी अडवत नाही म्हणे' याबद्दल. अडवतात, आणि अडवायलाच हवं. खानापूर तालुक्यातलं भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरायला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो, आणि अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही कर्नाटकाच्या वन कायद्याखाली येतं. खानापूरहून हेमाडग्यामार्गे अनमोडला जाणारा रस्ता आहे, त्यावरून जा. त्याला फुटणाऱ्या पायवाटेवर चाक घालू नका. तिथं गवे आहेत, अस्वलं आहेत, हत्ती येतात. मी दुपारी चारनंतर त्या बाजूला नसतो.

भीमगडाबद्दल आणखी एक. अभयारण्याच्या पोटात आमगाव, गवाळी, कोंगळा, पास्टोली अशी गावं आहेत. पावसाळ्यात तिथल्या आजारी माणसाला खांद्यावरच्या डोलीतून, चिखल आणि नाले तुडवत रस्त्यापर्यंत आणावं लागतं. आपण ज्याला ऑफ-रोडिंग म्हणतो ते त्यांच्यासाठी नुसतं रस्ता नसणं आहे. 'कसली भन्नाट वाट आहे' असं मी त्या भागात कुणासमोर म्हणत नाही.

कागदपत्रांचंही बरेच जण विचारतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओची ना-हरकत, कर्नाटकचा आजीवन कर, आणि महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. वेळ जातो, पण करून टाका. माझी एमएच १४ ची गाडी आता केए २२ आहे.

ती पाटी लावली त्या दिवशी मनात काही हललं, ते लपवत नाही. बेळगावात मराठी माणसाच्या दारात केए पाटीची गाडी उभी असते, त्यामागं किती वर्षांचं दुखणं आहे ते इथं राहिल्यावर कळतं. १९५६ साली बेळगाव जिल्हा मैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला आणि त्याच जिल्ह्याचा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. २००४ पासून या सीमावादाचा खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. रविवारी सकाळी मी ही सीमा तीन-चार वेळा ओलांडतो. पाट्यांची भाषा बदलते, डांबराचा रंग बदलतो. पाणंद बदलत नाही, दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांच्या लग्नकार्याला त्याच पाणंदीनं जातात. या विषयावर याहून जास्त बोलायचा अधिकार चार वर्षांच्या रहिवाशाला नाही, इथं जन्मलेल्यांना तो आहे.

राहता राहिली वाटांच्या फाइलची मागणी. जीपीएसवर नोंदवलेल्या माझ्या वाटा मी कुणाला पाठवत नाही, कृपया रागावू नका. फाइल एकदा हिंडायला लागली की एखाद्या रविवारी पंचवीस गाड्या येतात, शेवटच्या घरापाशी कुणी थांबत नाही, कारण पुढची वाट पडद्यावर दिसतच असते. मग तिथं गेट लागतं. हे मी मुळशीत पाहून आलोय, इथं पाहायचं नाही.

तुम्ही या मात्र. दोन गाड्या, फार तर तीन. मे महिना आणि जूनची सुरुवात सोडून. ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत उत्तम. माती ओली असते पण चिकटत नाही. तेव्हा उसाचा हंगामही असतो, पाणंदीच्या वळणावर उसाच्या भिंतीपलीकडचं काही दिसत नाही, आणि समोरून ट्रॉली आली तर मागं आपण यायचं. टायरची हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची, परत भरायला पंप माझ्याकडं आहे. एकवीस इंची ट्यूब तेवढी दोन आणा.